मधलीचा वाटा

माईनं मसाला वाटून ठेवला होता आणि सागुती आलीच नाही. झालं एवढंच. पण आज दीड वर्ष उलटलं तरी ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि नवरा म्हणतो, "मटणावरून एवढं?" मटणावरून! ह्या माणसाला चार वेळा सांगून झालं, तरी ह्याचं आपलं मटणावरूनच चालू. म्हणून म्हटलं आता लिहूनच काढावं. वाचा म्हणावं सावकाश.

आमचं गाव लोहा आणि कंधारच्या मधे, डांबरी सोडून आत. तिथं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, भावकी मिळून एक बोकड पाडते. तसाच संक्रांतीच्या करीला आणि धुळवडीलाही. श्रावणभर घरात वशाट शिजलेलं नसतं, त्यामुळं करीला लहानथोर सगळे सकाळपासून नाकं वर करून बसलेले असतात. पट्टी काढून बोकड आणायचा, मुलाण्याच्या चाचानं तो कापायचा, आणि थोरल्या चुलत्याच्या अंगणात ताडपत्री अंथरून तिच्यावर ढीग लावायचे. जेवढ्या चुली तेवढे ढीग. प्रत्येक ढिगात सगळं आलं पाहिजे, मांडीचं, बरगडीचं, चरबी, वजडी, काळजाचा एक तुकडा. चाचाच्या हाताला सवय अशी की काट्यावर घातलं तरी फरक निघायचा नाही. तरी पण कुणी म्हणायला नको ह्याला बोट्या अन् त्याला हाडकं, म्हणून एक माणूस ढिगांकडं पाठ करून बसतो. चाचा सुरीचं टोक एका ढिगावर धरून विचारतो, "हा कुणाचा?" पाठमोरा माणूस न बघता सांगतो, "धाकट्याचा." की तो ढीग धाकट्याचा. बोललं ते बोललं. त्यात पुन्हा बदल नाही, मग तुमच्या नशिबात नुसती मान येवो नाहीतर अख्खी मांडी.

वाटे बोलताना माणसाचं नाव घेत नाहीत, घराचं घेतात. थोरला, मधला आणि धाकटा हे तिघं सख्खे भाऊ. मग विहिरीवाला, लिंबाखालचा, मास्तर आणि डायवर ही चार चुलत घरं. सात घरं, सात ढीग. थोरल्याला आम्ही बापू म्हणतो. मधला म्हणजे माझा बाप, आमचा आण्णा. आणि घराच्या नावावरूनच बाईचं नाव पडतं, म्हणून माझी माय साऱ्या भावकीत 'मधली'. तिचं खरं नाव गावात दहा माणसांना तरी माहीत असेल की नाही, शंकाच आहे.

वाटा आणायला आण्णा जायचा, पातेलं घेऊन. बायकांनी तिकडं फिरकायचं नाही. बायकांनी घरी बसून मसाला वाटायचा. माईचा मसाला म्हणजे आदल्या रात्रीपासूनची तयारी. कांदे चुलीच्या आरात पुरून भाजायचे, वरचं काळं सालटं काढून आतला मऊ गाभा घ्यायचा. खोबऱ्याची वाटी विस्तवावर धरायची, तेल सुटून ती पेटली की फुंकर मारून विझवायची. धने, खसखस, दगडफूल, लसणाचे दोन गड्डे, आलं, कोथिंबीर, सगळं पाट्यावर. मिक्सर मी घेऊन दिलाय, तो अजून खोक्यात आहे. सागुती आली की आधी नुसतं हळद-मीठ लावून शिजवायची. त्या पाण्याला अळणी म्हणतात, लेकराबाळांना वाटी वाटी प्यायला द्यायचं. मग फोडणी, वाटण, काळं तिखट, आणि शेवटाला येसूर. येसूर म्हणजे धान्यं अन् मसाले भाजून दळलेलं पीठ. ते मूठभर पडलं की शेरवा दाट होतो आणि भाकरीला धरतो. माईचा येसूर भावकीतल्या सगळ्या घरी जातो. फुकट जातो, हेही सांगून ठेवते.

आता आण्णाचं. आण्णा काही देवमाणूस नव्हता. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण खोटं तरी कशाला बोलावं? नळी त्याची, काळीज त्याचं, मांडीच्या बोट्या त्याच्या आणि आल्या-गेल्या पाव्हण्याच्या. आम्ही दोघी बहिणी त्याच्या बाजूला बसायचो म्हणून आमच्या ताटात पण काहीबाही पडायचं. माय सगळ्यांत शेवटी, चुलीपुढं, पातेलं तिरकं करून. मी विचारायची, माय, तुला नळी? ती म्हणायची, "मला न्हाई आवडत. दात दुखतेत." त्यावेळी तिचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते. ऊस सोलायची ती दातानं! आणि मी येडी, मोठी होईपर्यंत ते खरं धरून चालले.

आण्णा गेला तेव्हा वर्षभर घरात सण नव्हता. बहीण हैदराबादला, मी नांदेडला शाळेत शिकवते. आम्ही दोघींनी माईला किती म्हटलं, चल आमच्याकडं. ती म्हणाली, "माजं घर हाय की." घर म्हणजे दोन खोल्या, पुढं पडवी, मागं न्हाणी. पण स्वतःची चूल. वर्ष सरलं आणि आण्णाशिवायची पहिली कर आली. मी रजा टाकली, सकाळच्या गाडीनं लोहा गाठलं, तिथनं ऑटोनं गावात. पोचले तर माय न्हाऊन-धुऊन बसलेली, पातेलं घासून लख्ख, मसाल्याचा गोळा वाटीत झाकून ठेवलेला, चुलीवर आधण ठेवलेलं.

"सागुती आली का?"

"येतीया की. मुलाण्याला उशीर झाला असंल."

बसलो. दहाचे अकरा झाले. आधण आटलं, तिनं पुन्हा पाणी ओतलं. पट्टी मागायला बापूचा लेक आला होता का, विचारलं. तर म्हणाली, "बाजूनं गेला. म्या हाक मारली तर म्हनला, मागून येतो." तो मागून काही आला नव्हता. तिनं पैसे पदराला बांधून ठेवले होते, ते तसेच गाठीत. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. पण खरं कळलं ते वासानं. साडेअकराच्या सुमाराला बापूच्या घराकडून फोडणीचा वास आला, पाठोपाठ धाकट्याकडून, मग लिंबाखालून. म्हणजे वाटे कधीच उचलले गेले होते. गल्लीतल्या प्रत्येक घरात सागुती रटरटत होती आणि आमच्या चुलीवर नुसतं पाणी खळखळत होतं. माय आधणाकडं बघत बसली. वास तिला आला नाही असं काही नाही. तिनं वाटणाच्या वाटीवरचं झाकण उगीच उचललं आणि परत ठेवलं.

तेवढ्यात बापूची सून आली. हातात स्टीलची वाटी, वर बशी. वाटीत शेरवा आणि चार बोट्या. खाली मान घालून म्हणाली, "मामंजी म्हणले, चुलत सासूबाईला आमच्यातच जेवाय बोलीव. न्हाई आल्या तर ही वाटी दे." त्या पोरीचा काय दोष? पण तिच्यावर पण मी डोळे वटारले. माय म्हणाली, "ठिव तिथं."

मी उठले ती तडक बापूच्या अंगणात. माय मागनं "आगं, आगं" करत राहिली. अंगणात ताडपत्री धुऊन वाळत घातलेली, चाचा सुऱ्या पुसत बसलेला, भावकीतले पाचसहा बाप्ये पान-तंबाखू करत. बापू खाटेवर.

"बापू, आमचा वाटा?"

"कंचा वाटा?"

"मधल्याचा."

बापू हसला. राग आला असता तर परवडलं असतं, पण तो हसला, लहान लेकराला समजावतात तसा. "मधला कुठं हाय आता बाई? एकट्या मानसाला कुठं वाटा लागतोय? काय करंल ती एवढ्या सागुतीचं? आमच्यात जेवल की. आमी काय परके हाव?"

"मग सहा ढीग लागले असतील आज."

चाचानं सुरी पुसायची थांबवली. शेवटी डायवर, त्याच्या पोटात काही राहत नाही, तो म्हणाला, "न्हाई, सातच लागले. बापूच्या लेकाची चूल येगळी झाली ना."

चूल वेगळी! अहो, ती चूल वेगळी झाली होती ती रेशनकार्डावर. एकाच स्वयंपाकघरात, एकाच गॅसवर सासू भाकरी थापते आणि सून भाजते, मी किती वेळा डोळ्यांनी बघितलेलं. कागदावरच्या चुलीला वाटा, आणि जिच्या चुलीवर खरंखुरं आधण उकळत होतं तिला वाटी! मी म्हटलं, "बापू, तुमच्या एका स्वयंपाकघराला दोन ढीग आणि माझ्या माईला चार बोट्या? जनाची नाही तर मनाची तरी ठेवा."

मग मात्र बापूचा आवाज चढला. "ये पोरी, नांदेडला शाळंत बोल असं. पट्टी घेतली का आमी तिची? लुटलं का काय तुमाला? तिच्याच भल्याचं करून राहिलो. एकटी बाई, उद्या रातीबेराती काय झालं म्हंजे? तिनं आता हिकडंच यावं, दोन घास खावं, नातवंडं सांबाळावी. त्या दोन खोल्या मोकळ्या झाल्या तर टॅक्टर तरी लावता येईल. पावसात भिजून राहिला तो."

हं. म्हणजे हे होतं. टॅक्टर भिजत होता! मी साऱ्यांच्या तोंडाकडं पाहिलं. धाकटा चुलता, जो आण्णाच्या ताटात जेवून मोठा झाला, तो चपलेच्या अंगठ्याशी खेळत बसलेला. मास्तर, आमच्या भावकीतले सगळ्यांत वयस्कर, तेच दरसाल पाठमोरे बसून वाटे बोलतात. मी त्यांच्यापुढं उभी राहिले. "मास्तर, तुम्ही बोललात ना वाटे? 'मधल्याचा' म्हणताना जीभ कशी अडली?"

मास्तर हळूच म्हणाले, "पोरी, तुजं खरं हाय. पण आता वाटे उचलले की."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. सगळ्यांना कळतंय, कुणी बोलत नाही. मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझ्या शाळेतल्या पोरांनी ऐकलं असतं तर त्यांनीच मला बाकावर उभं केलं असतं.

आणि मग मी चूक केली. रागाच्या भरात तशीच रस्त्याला आले, मिळाली ती जीप पकडून लोह्याला गेले आणि दुकानातून दोन किलो मटण घेऊन आले. मांडीचं, निवडून, चार नळ्या टाकायला लावून. भर उन्हात पिशवी घेऊन घरात शिरले आणि माईपुढं आदळली. "घे. कर. भावकीला वास जाऊ दे आज. आपल्याला नको त्यांचा वाटा."

माईनं पिशवीला हात लावला नाही. सकाळपासून तिनं आवाज चढवला नव्हता, आता माझ्यावर फिरली. "म्या भुकंली होते म्हून बसले व्हते का सकाळपसून? आँ? दुकानातनं तर सारं गाव आनतंय. पैशे माज्याकडं बी हायेत. तू कामून आनलीस ही?"

मी म्हटलं, "अगं, मटणच ना शेवटी?"

"हाव. तुला मटनच दिसलं," ती म्हणाली, आणि चुलीतली लाकडं ओढून तिनं पाणी मारलं.

शिकलेली मी. दोन पदव्या. आणि मला कळलं नाही की ती ज्याची वाट बघत होती ते पातेल्यात मावणारं नव्हतं. चाचा सुरी टेकवणार, कुणीतरी 'मधल्याचा' म्हणणार, म्हणजे ह्या गावात अजून एक मधली चूल आहे हे भावकीच्या तोंडून निघणार. ते निघालं नाही तर आज वाटा गेला, उद्या पडवीत टॅक्टर, परवा माय बापूच्या ओसरीला नातवंडांची शेंबडं पुसत. तिला हे पहिल्या वासासरशी कळलं होतं. मला दोन किलो मटण आणूनही कळलं नव्हतं.

ते मटण आणि तो मसाला तिनं संध्याकाळी माझ्यासोबत नांदेडला दिला. "नासंल हितं." मी ते आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या किचनमध्ये कुकरला लावलं. आधी अळणी काढायची विसरले, येसूर जास्त पडला, शेरव्याची खीर झाली. नवरा भाकरी कुस्करून म्हणाला, "वा! एकदम माईच्या हातची चव." आणि ताटात नळी घेऊन ठोकत बसला ताटाच्या कडेवर, ठक ठक ठक. त्याला विचारलं, मला नको का? तर निरागसपणे म्हणाला, "तुला आवडते होय?" बारा वर्षं संसार झाला आमचा! चूक त्याची एकट्याची पण नाही. त्याचं घर शिरूर अनंतपाळचं. लग्नानंतरच्या पहिल्या धुळवडीला तिथं मी अठरा माणसांना वाढलं आणि सासूबाईंसोबत शेवटी बसले, तेव्हा पातेल्यात तर्री आणि एक बरगडी उरली होती. ती सासूबाईंनी माझ्या ताटात घातली आणि म्हणाल्या, मला दात दुखतात. मी लगेच ओळखलं. त्या रात्री आम्ही दोघी त्या एका बरगडीवरून किती वेळ 'तुम्ही घ्या, तू घे' करत बसलो होतो.

पोळा गेला, दिवाळी गेली. माय फोनवर काही सांगायची नाही, खोदून खोदून विचारावं लागायचं. बापूनं टॅक्टरची ट्रॉली तिच्या पडवीला खेटून लावायला सुरुवात केली होती, 'चार दिवसापुरती'. धाकट्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका माईच्या दारात आलीच नाही, बापूच्या पत्रिकेवर 'सहकुटुंब' लिहून भागवलं. सख्ख्या पुतणीच्या लग्नात माय बापूच्या घरची म्हणून गेली! संक्रांतीच्या करीला परत वाटी आली. ह्या वेळेला माईनं ती उंबऱ्यावरूनच परत धाडली, रिकामी नाही, वर मूठभर तिळगूळ ठेवून. मी फोनवर ओरडले, तिळगूळ कशाला दिलास? ती म्हणाली, "सुनंला दिला. तिला काय म्हून रिकामं लावू?"

मी तहसीलला अर्ज करू म्हटलं, वकील बघू म्हटलं, बापूच्या दारात बसू म्हटलं. ती नुसती हं हं करायची. मला तिचाही राग यायला लागला होता, खरं सांगते. वाटायचं, ही अशीच गप बसणार आणि एक दिवस गाठोडं बांधून बापूच्या घरात जाणार.

धुळवडीला मी गेले ती भांडायची तयारी करूनच. पोचले तर माय पाट्यावर बसलेली, कांदे आरात, खोबरं काळं करून ठेवलेलं.

"कशाला वाटतीस? कोण देणार आहे तुला?"

"तू वाट. माजे हात दुकतेत," म्हणून तिनं वरवंटा माझ्या हातात दिला. मी दात-ओठ खात वाटायला बसले. ती उठली. लुगडं झटकलं, पदर कपाळाच्या खाली ओढला, घासलेलं पातेलं काखेला मारलं आणि निघाली. मी हात तसेच मसाल्याचे घेऊन तिच्यामागं.

हे समजून घ्या, बापू तिचा थोरला दीर. चाळीस वर्षांत माय त्याच्यासमोर कधी ताठ उभी राहिली नव्हती की त्याच्याशी एक शब्द थेट बोलली नव्हती. काही सांगायचं तर आण्णाकरवी, नाहीतर आम्हां पोरींकरवी, नाहीतर भिंतीला सांगितल्यासारखं. आणि ती बाई बाप्यांच्या घोळक्यातून, ताडपत्रीवरच्या ढिगांना वळसा घालून, सरळ मास्तरांपुढं जाऊन उभी राहिली. मास्तर नुकतेच पोत्यावर पाठमोरे बसलेले.

"मास्तर, जरा सरका."

मास्तरांनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकत उठले आणि बाजूला झाले. का उठले, त्यांचं त्यांना माहीत. करीपासून त्यांना खात असेल. माय पोत्यावर बसली, ढिगांकडं पाठ, पातेलं मांडीवर.

बापू म्हणाला, "हे काय करून राहिली ही? ये चाचा, थांब रे."

चाचानं बापूकडं पाहिलं, माईकडं पाहिलं. आणि सुरीचं टोक पहिल्या ढिगावर ठेवलं. "हा कुणाचा?"

मला वाटलं ती म्हणेल, मधल्याचा.

"माजा," माय म्हणाली.

कुणाला काही कळायच्या आत चाचानं पुढच्या ढिगावर टोक धरलं. "हा?"

"धाकट्याचा."

"हा?"

"लिंबाखालच्याचा." मग विहिरीवाला. मग डायवर. मग मास्तर. आवाज जराही हलला नाही. सातवा ढीग राहिला. तो मोठा नव्हता, लहान नव्हता, सगळ्यांसारखाच होता. चाचानं त्याच्यावर सुरी धरली.

"थोरल्याच्या लेकाचा," माय म्हणाली आणि उठून उभी राहिली.

ढीग संपले. थोरला राहिला. बापू हातात घमेलं घेऊन तसाच उभा. डायवरच्या तोंडून फुस्स करून हसू निघालं आणि त्यानं ते खोकल्यावर नेलं. बापू मास्तरांवर ओरडला, "पुन्यांदा बोला वाटे! ही काय रीत झाली?" मास्तर म्हणाले, "रीत तीच हाय, बापू. बोललं ते बोललं."

बापूनं माईकडं बोट केलं. "थोरल्याला इसरली म्हणावं ही!"

माय त्याच्याशी बोलली नाही. ती चाचाकडं वळली, पदर तसाच कपाळावर, आणि चाचाला म्हणाली, "भाऊ, त्यास्नी सांगा, इसरले न्हाई म्या. दोगंच तर हायेत घरात. दोन मानसाला कुठं वाटा लागतोय? लेकात जेवा म्हणावं. परके हायेत का?"

चाचा बिचारा काय सांगणार? बापू चार हातांवर उभा होता, सगळं ऐकत. ओसरीच्या दाराआड थोरली चुलती उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला. ती रडत होती की हसत होती, मी शपथेवर सांगू शकत नाही, पण खांदे हलत होते तिचे.

मला वाटलं आता माय आपला ढीग उचलणार आणि मान वर करून चालू लागणार. मी तर मनातल्या मनात टाळ्या पिटत होते. पण ती वाकली, तिच्या ढिगातून मूठभर सागुती काढली, चांगल्या बोट्यांची, आणि ताडपत्रीच्या रिकाम्या कोपऱ्यात ठेवली. मग पुन्हा चाचाला म्हणाली, पण अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशी, "आठ चुली हायेत, भाऊ. सात ढीग कामून लावता? हिथनं पुढं आठ लावायचे."

पहिल्यांदा मास्तर पुढं आले, त्यांच्या ढिगातली मूठ त्यांनी त्या कोपऱ्यात ठेवली. मग डायवर. मग लिंबाखालचा, विहिरीवाला. धाकटा चुलता रेंगाळला, सगळ्यांकडं बघून तोही वाकला. शेवटी बापूच्या लेकानं घातली, खालमानेनं. आठवा ढीग झाला. चाचानं त्याच्यावर सुरी धरली नाही, नुसता हात केला बापूकडं. बापूनं तो उचलला, घमेल्यात टाकला आणि कुणाशी न बोलता आत गेला. ट्रॉली तिसऱ्या दिवशी पडवीपासून हलली. पोळ्याच्या आधी पट्टी मागायला माईच्या दारात पहिल्यांदा आला तो त्याचाच लेक.

घरी आलो. माईनं पातेलं खाली ठेवलं आणि चुलीपुढं बसली तर काडी पेटेना. चार काड्या मोडल्या. मी पेटवायला गेले तर माझा हात झटकला तिनं. पाचवी काडी पेटली, जाळ धरला. मग मी विचारलं. मला राहवतच नव्हतं. "माय, 'मधल्याचा' का नाही म्हणलीस? आण्णाचं घर म्हणून तरी घ्यायचं होतंस नाव."

ती फुंकणीनं जाळ सारखा करत होती. धुरानं लाल झालेले डोळे माझ्याकडं करून, चिडून म्हणाली, "तुज्या बापानं कवा पेटीवली का गं ही चूल? येक दिस तरी?"

मी पातेलं तिच्याकडं सरकवलं.

"मग?" ती म्हणाली. "आन ती हळद."